अंटार्क्टिकाचं वजन वाढलं, पण बातमी अर्धीच छापली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अंटार्क्टिकातला बर्फ वाढला, शास्त्रज्ञ तोंडघशी' या छापाची बातमी सध्या जिकडेतिकडे फिरतेय, पेपरात आतल्या पानावर आली, तिथून कात्रण होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर गेली आणि खाली ठरलेल्या कमेंट, की बघा, आम्ही सांगतच होतो, ग्लोबल वॉर्मिंग वगैरे सगळं थोतांड आहे. तुमच्याकडे पण ती चार ओळीत आली होती. आता गंमत अशी की बातमीतला आकडा खोटा नाहीये. आकडा अगदी बरोबर आहे, फक्त त्याच्या शेजारचे दोन आकडे कुणी छापलेच नाहीत, आणि त्यासाठीच हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण आकडे कापू नका ही विनंती.

मूळ अभ्यास चीनमधल्या तोंगजी विद्यापीठातल्या लोकांचा, २०२५ मध्ये आलेला. त्यात म्हटलंय की २०२१ ते २०२३ या काळात अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वर्षाला साधारण १०८ गिगाटननी वाढला. झालं, बातमी इथे संपली. पण त्याच अभ्यासात हेही आहे की २०११ ते २०२० या काळात तोच बर्फ वर्षाला साधारण १४२ गिगाटननी घटत होता, आणि त्याआधी २००२ ते २०१० मध्ये साधारण ७४ नी. एक गिगाटन म्हणजे १०० कोटी टन, पाणी धरलं तर एक घन किलोमीटर. असं साधारण ३६० गिगाटन पाणी समुद्रात गेलं की जगभरची पातळी एक मिलिमीटरने वर जाते. आता साधा गुणाकार करा, तीन वर्षांची वाढ झाली सव्वातीनशेच्या आसपास आणि त्याच्या आधीच्या दहा वर्षांची घट चौदाशे वीस. म्हणजे गेलं त्याच्या पाव हिस्सा पण परत आला नाही. वळवाची एक सर आली म्हणून दुष्काळ संपला असं कुणी छापत नाही ना, मग इथेच का?

आणि सगळ्यात मजेशीर भाग हा की घट सांगणारे आणि वाढ सांगणारे सॅटेलाइट एकाच मालिकेतले आहेत, मोजायची पद्धत तीच. घट सांगितली तेव्हा 'मॉडेलवर कसला विश्वास ठेवायचा' म्हणणारे लोक वाढ सांगितली की त्याच डेटाला डोक्यावर घेतात. घ्या की, पण मग अख्खा डेटा घ्या.

हे वजन करतात कसं ते सांगते, कारण 'बर्फ वाढला' वाचलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर आकाशातून काढलेला फोटो येतो, कुठे पांढरं जास्त दिसतंय कुठे कमी. इथे फोटोचा काही संबंध नाही. ग्रेस नावाची मोहीम, नासा आणि जर्मनीची अंतराळ संस्था डीएलआर यांची मिळून, १७ मार्च २००२ ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून सोडली. दोन सॅटेलाइट, एकाच कक्षेत एकामागे एक, मधे साधारण २२० किलोमीटर अंतर, टीमने त्यांना टॉम आणि जेरी अशी नावं ठेवलेली. दोघांचं मुख्य काम म्हणजे एकमेकांकडे बघत राहणं आणि मधलं अंतर मोजत राहणं, मायक्रोवेव्हने, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात. समजा समोर ग्रीनलँड आलं. तिथे जमिनीवर कुठे कुठे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे, तेवढं वस्तुमान आहे म्हणजे त्याची ओढ पण आलीच. पुढच्याला ती ओढ आधी लागते, तो इवलासा पुढे सटकतो, अंतर वाढतं. मग मागचा ओढीत येतो, अंतर मिटायला लागतं, तोवर पुढचा पलीकडे गेलेला असतो आणि आता त्याला मागे खेच बसते. हे एवढंसं वाढणं-घटणं महिनाभर पृथ्वीच्या सगळ्या भागांवरून नोंदवायचं आणि त्यावरून त्या महिन्यात कुठे किती ओढ होती याचा नकाशा काढायचा. पुढच्या महिन्यात परत तेच. दोन नकाशांची वजाबाकी केली की मधल्या काळात कुठलं वस्तुमान हललं ते कळतं, आणि डोंगर काही महिन्याभरात हलत नाहीत, हलतं ते पाणी, बर्फ आणि हवा.

हवासुद्धा, हो. हवेला वजन आहे, समुद्राच्या भरती-ओहोटीला वजन आहे, ते सगळं वेगळ्या मॉडेलांनी आधी काढून टाकावं लागतं. शिवाय एवढ्या उंचीवर पण हवा अगदीच नाही असं नसतं, तिचं घर्षण सॅटेलाइटला मागे ओढतं, ते गुरुत्वाकर्षण समजून मोजलं जाऊ नये म्हणून प्रत्येकात एक, असली ओढ वेगळी मोजणारा, अ‍ॅक्सेलरोमीटर बसवलेला. आत्ता जी दुसरी जोडी फिरतेय, ग्रेस फॉलो-ऑन, तिच्यातल्या एकाचा अ‍ॅक्सेलरोमीटर सोडल्यावर थोड्याच दिवसात गडबड करायला लागला, तर ह्या लोकांनी काय केलं, दुसऱ्याचं रीडिंग घेतलं आणि ते साधारण अर्ध्या मिनिटाने सरकवून पहिल्याला लावलं, कारण दोघं त्याच वाटेने अर्ध्या मिनिटाच्या अंतराने जातात तर हवा पण जवळपास तीच लागणार. जुगाड म्हणा हवं तर, पण हे सगळं जाहीरपणे लिहून ठेवलेलं आहे आणि आकड्यातली एरर त्यात धरलेली आहे, लपवाछपवी नाही.

मग २०२१ नंतर बर्फ वाढला का? तर हिमवर्षाव जास्त झाला, विशेषतः पूर्व अंटार्क्टिकात. हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात एरवी इतकी कोरडी थंडी असते की बर्फ पडायलाच बाष्प नसतं. मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूने दमट, उबदार हवेचा एक लोट आत घुसला, आतल्या पठारावर काँकॉर्डिया या संशोधन स्टेशनच्या परिसरात तापमान नेहमीपेक्षा जवळजवळ ३८-३९ अंशांनी जास्त गेलं, आणि त्याच लोटाने मोठ्या भागावर रग्गड बर्फ टाकला. त्याच दिवसांत किनाऱ्यावरचा काँगर नावाचा तरंगता हिमकट्टा तुटून गेला. म्हणजे एकाच उबेने आत वजन वाढवलं आणि काठावर तोडफोड केली. हे सगळं 'बर्फ वाढला' या दोन शब्दांत बसत नाही ते माहितीये मला, पण निदान 'हिमवर्षावामुळे' एवढा एक शब्द तरी बसला असता.

तिसरी भानगड समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाची. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री बर्फाने १९७९ पासूनच्या सॅटेलाइट नोंदींतला नीचांक गाठला आणि त्या वर्षी हिवाळ्यातसुद्धा तो नेहमीइतका पसरलाच नाही. आता एका बातमीत 'अंटार्क्टिकाचा बर्फ विक्रमी घटला' आणि दुसऱ्या बातमीत 'अंटार्क्टिकाचा बर्फ वाढला', वर्ष तेच, वाचणारा म्हणणारच की यांना काही कळत नाही. पण पहिली गोष्ट समुद्रावर गोठलेल्या पातळ थराच्या पसाऱ्याची आणि दुसरी जमिनीवरच्या बर्फाच्या वजनाची. ग्रेसला तरंगता बर्फ दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, कारण तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढंच पाणी बाजूला सारते, ती वितळली काय आणि राहिली काय, त्या जागेवरचं एकूण वस्तुमान तेवढंच राहतं. आणि त्याच कारणामुळे तिच्या वितळण्याने समुद्राची पातळी पण जवळपास वाढत नाही. पातळी वाढवतो तो जमिनीवरून समुद्रात आलेला बर्फ, आणि तेवढाच हे सॅटेलाइट तोलतात. पातळीची चिंता असेल तर ह्याच्याइतकं सरळ मोजमाप दुसरं नाही असं माझं मत.

आता ग्रेसचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. ह्या मोजमापाच्या दोन दुखऱ्या नसा आहेत आणि दोन्ही पेपरवाल्यांनी माहीत करून घ्याव्यात अशा.

पहिली, खालची जमीन. गेल्या हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली तरी खालचा खडक अजून हळूहळू वर येतोय, कॅनडात हडसन बेच्या भागात तर वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. जमीन वर येते म्हणजे खालून जड खडक सरकून येतो, म्हणजे तिथलं वस्तुमान वाढतं, आणि वरून बर्फ पडून वाढलं की खालून खडक येऊन वाढलं हे सॅटेलाइटला सांगता येत नाही. मग खडकाचा भाग मॉडेलने काढायचा. ग्रीनलँडमध्ये बर्फाची घटच एवढी मोठी आहे की ही दुरुस्ती त्यापुढे किरकोळ, पण अंटार्क्टिकात दुरुस्ती आणि उत्तर जवळपास एकाच मापाचे. इझाबेला वेलिकोग्ना आणि जॉन वार या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ग्रेसवरून अंटार्क्टिकाचा पहिला मोठा आकडा दिला तो वर्षाला १५२ घन किलोमीटर बर्फाची घट, अधिक-उणे ८०, म्हणजे खरा आकडा बहुधा ७२ ते २३२ च्या मधे कुठेतरी. पुढे खडकाची मॉडेलं सुधारली, जीपीएसने जमीन खरोखर किती उचलली जातेय ते तपासलं गेलं, आणि २०१२ मध्ये मॅट किंग आणि सहकाऱ्यांचा आकडा आला ६९ गिगाटन, अधिक-उणे १८. काळ थोडा वेगळा होता, पण निम्म्याहून कमी. घट होतेय हे दोन्हीकडे, किती होतेय यात एवढा फरक. पहिल्या आकड्यापुढचं ते ८० वाचलं असतं तर कुणाला धक्का बसला नसता, कारण ६९ घन किलोमीटर काय किंवा ६९ गिगाटन काय, दोन्ही त्याच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे ७२ च्या, अलीकडे-पलीकडेच पडतात.

दुसरी नस म्हणजे धूसरपणा. ग्रेसला तीनशे किलोमीटरपेक्षा बारीक काही नीट दिसत नाही. अंटार्क्टिका, ग्रीनलँड एवढे अवाढव्य की चालून जातं, पण डोंगरातल्या हिमनद्या म्हणजे कुठे चार-दोन किलोमीटर रुंद, कुठे त्याहून लहान, त्यामुळे शेजारची दुसरी वजनं त्यांच्या खात्यात सांडतात. हिमालयाचं उदाहरण घ्या. पायथ्याला उत्तर भारतात भूजलाचा जो प्रचंड उपसा चाललाय तो सुद्धा ह्याच सॅटेलाइटांनी २००९ मध्ये दाखवून दिला होता, राजस्थान, पंजाब, हरियाणा मिळून सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर. म्हणजे डोंगरावर बर्फ घटतोय आणि खाली मैदानात पाणी घटतंय, दोन्ही शेजारी शेजारी, आणि वरून बघणाऱ्याला एकच धूसर डाग. २०१० मध्ये एका जपानी अभ्यासाने आशियाच्या उंच डोंगरांतून वर्षाला ४७ गिगाटन बर्फ जातोय म्हटलं. २०१२ मध्ये थॉमस जेकब, जॉन वार वगैरेंनी भूजल वेगळं काढायचा प्रयत्न केला तर उरले फक्त ४. लगेच जगभर मथळे, हिमालयात दहा वर्षांत बर्फ वितळलाच नाही! अहो, त्या ४ च्या पुढे अधिक-उणे २० लिहिलेलं होतं. नंतर २०१७ मध्ये फानी ब्रन आणि सहकाऱ्यांनी अगदी वेगळ्या रस्त्याने, सॅटेलाइटच्या स्टिरिओ फोटोंवरून, म्हणजे एकाच जागेच्या दोन कोनांतून काढलेल्या फोटोंवरून, हिमनद्यांची उंची मोजून आकडा काढला तो १६ गिगाटन. चारच्या मानाने चौपट, पण अधिक-उणे २० च्या आत आरामात. म्हणजे २०१२ चा पेपर चुकलाच नव्हता, चुकले ते मथळे, आणि चुकले ते एका छोट्याशा चिन्हापुढचा आकडा गाळून.

म्हणूनच आता कुणी एकाच पद्धतीवर विसंबत नाही. उंची मोजणारे वेगळे, हिमनदीचा वेग मोजून किती बर्फ समुद्रात जातो आणि किती पडतो याचा जमाखर्च मांडणारे वेगळे, वजन करणारे वेगळे. प्रत्येकाचा डोळा कुठेतरी अधू आहे, उंचीवाल्यांना ताजा भुसभुशीत बर्फ आणि दाबून घट्ट झालेला जुना बर्फ यांची घनता अंदाजाने धरावी लागते, वजनवाल्यांची खडकाची भानगड वर सांगितलीच. जगभरच्या हिमनद्यांचा असा सगळ्या पद्धतींचा एकत्र हिशोब फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, २००० ते २०२३ मध्ये वर्षाला सरासरी २७३ गिगाटन, अधिक-उणे १६, आणि यात ग्रीनलँड-अंटार्क्टिकाच्या मुख्य हिमचादरी धरलेल्याच नाहीत. ही बातमी मला कुठल्या पहिल्या पानावर दिसल्याचं आठवत नाही.

बरं, हे सगळं तपासायला शास्त्रज्ञ असायला लागत नाही. नासाच्या साइटवर फुकट खातं उघडलं की अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडच्या दोन साध्या टेक्स्ट फाइल मिळतात. वरती माहितीच्या काही ओळी, खाली तीन रकाने. वर्ष दशांशात, वस्तुमान गिगाटनमध्ये, आणि तिसऱ्या रकान्यात अनिश्चितता, म्हणजे जो रकाना सगळे गाळतात तो. एप्रिल २००२ ला शून्य धरलेलं, तिथून पुढे महिन्याला एक ओळ. स्प्रेडशीटमध्ये टाकून ग्राफ काढला की ग्रीनलँड करवतीच्या दात्यांसारखं दिसतं, हिवाळ्यात थोडं वर, जून ते ऑगस्ट धाडकन खाली, आणि प्रत्येक वर्षी आधीपेक्षा खालच्या पायरीवर. सगळं मिळून वर्षाला सरासरी २७० गिगाटनच्या आसपास घट, म्हणजे नुसत्या ग्रीनलँडमुळे समुद्र वर्षाला पाऊण मिलिमीटर वर. पण वर्षावर्षात फरक केवढा, २०१७ आणि २०१८ बऱ्यापैकी थंड गेली, घट कमी, आणि २०१९ मध्ये एकदम ५३२. कुणी २०१८ ला ग्राफ कापला असता तर 'ग्रीनलँड सावरलं' अशी बातमी झाली असती. अंटार्क्टिकाच्या फाइलवर हेच करून बघा, २०२१ च्या आधीच्या ओळी झाकल्या की रेघ वर जाते, झाकण काढलं की खाली. मी मुद्दाम दोन्ही काढून बघितले, दोन मिनिटांचं काम आहे, तुमच्या डेस्कवर कुणीही करेल.

ग्राफमध्ये एक खिंडार पण दिसेल, २०१७ च्या मध्यापासून २०१८ च्या मध्यापर्यंत. जुन्या जोडीचं आयुष्य पाच वर्षांचं धरलेलं, ती पंधरा वर्षं चालली, शेवटी शेवटी बॅटऱ्या इतक्या थकल्या की उपकरणं काही काही आठवडे बंद ठेवून दिवस काढले, आणि शेवटी संपलंच. नवी जोडी २२ मे २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून गेली, तिच्यात मायक्रोवेव्हच्या जोडीला लेसर पण आहे. मधल्या महिन्यांचा डेटा कायमचा गेला, तो आता कुठून आणणार. तिसरी जोडी, ग्रेस-सी, २०२८ च्या आसपास जायची आहे. तोवर आत्ताची जोडी टिकली तर ठीक, नाहीतर असंच दुसरं खिंडार पडेल, आणि मग त्या रिकाम्या जागेत ज्याला जी रेघ ओढायची ती तो ओढेल. सॅटेलाइट सोडल्याच्या बातम्या तुम्ही फोटोसकट छापता, तर ह्या मोहिमेवर पण लक्ष असू द्या एवढंच.

जाता जाता एक, कारण हे वाचून मी स्वतः अर्धा तास विचार करत बसले होते. ग्रीनलँडचा बर्फ घटला की ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी वाढत नाही, उलट उतरते. एवढ्या बर्फाच्या ओढीने आजूबाजूचं पाणी त्याच्याकडे खेचून धरलेलं असतं, बर्फ कमी झाला की ओढ कमी, पाणी सुटून लांब जातं, वर ओझं उतरल्यामुळे जमीन पण उचलली जाते. साधारण दोन हजार किलोमीटरच्या आत पातळी खाली आणि त्याचा वाटा लांबच्या किनाऱ्यांच्या माथी. म्हणजे 'आमच्या इथे तर समुद्र मागे गेलाय' असं उद्या ग्रीनलँडमधल्या कुणी म्हटलं तर ते पण खरंच असेल. त्याचीही बातमी येईल कधीतरी, तेव्हा पुढचे आकडे छापा.

विनंती छोटी आहे. बर्फाच्या वजनाची कुठलीही बातमी छापताना तीन गोष्टी बरोबर द्या: कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, अधिक-उणे किती, आणि बर्फ जमिनीवरचा की समुद्रावरचा. एका ओळीत बसतं. आणि ती चार ओळींची बातमी जिथे छापली होती, तिथेच २०११ ते २०२० चा आकडा एकदा छापून टाका.

आपली,
एक वाचक